हातात पाना आहे, कागद कुठे आहे?

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्र सरकारने शाळाबाह्य मुलांची राज्यभर एकाच दिवशी मोजणी केली. शिक्षक वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्टेशनांवर फिरले. नोंद झालेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, मतदानाच्या वेळी लावतात तशी, असे ठरले होते. मोजणी होती ६ ते १४ वयाच्या मुलांची, कारण शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा तेवढीच आहे. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची बोटे ऑइलने आधीच काळी झालेली असतात, पण त्याला शाई लावण्याचा प्रश्नच नव्हता. त्या कायद्याच्या लेखी तो मोजण्याजोगा राहिला नव्हता.

बालमजुरीवर आपल्याकडे बोलले जाते ते चौदाच्या आतल्या मुलांबद्दल. कौशल्य विकासावर बोलले जाते ते अठराच्या पुढच्या किंवा दहावी पास मुलांबद्दल. मधली चार वर्षे कुणाचीच नाहीत. गरीब घरातला मुलगा नेमका या चार वर्षांत आपला धंदा शिकतो आणि याच चार वर्षांत त्याचे पुढचे चाळीस वर्षांचे उत्पन्न ठरून जाते. म्हणून हा लेख त्या चार वर्षांबद्दल आहे. उदाहरण देहूरोडचे घेतो, कारण हा प्रश्न तिथे रस्त्यावरून जाता-येता दिसतो.

देहूरोड हे पुणे-लोणावळा लोकलवरचे स्टेशन. लष्कराचे आयुध भांडार आणि आयुध निर्माणी यांच्याभोवती वाढलेले कॅन्टोन्मेंटचे गाव. जुना मुंबई-पुणे महामार्ग गावातून जातो, कात्रजकडे जाणारा बाह्यवळण रस्ता इथूनच फुटतो. थोड्या अंतरावर निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, पलीकडे तळवडे, चिखली, कुदळवाडी आणि मग चाकण. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या एका बाजूला, गाड्या दुरुस्त करणारी दुकाने दुसऱ्या बाजूला. पंक्चर, बॅटरी, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, स्पेअर पार्ट, भंगार. या दुसऱ्या बाजूला मुसलमान कारागीर किती आहेत हे कळायला सर्वेक्षणाची गरज नाही, दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. आणि प्रत्येक दुकानात एक 'छोटू' असतो. आईबापांनी नाव काहीही ठेवलेले असो, दुकानात हाक तीच.

हा छोटू शाळेत कधी गेलाच नाही, असे सहसा नसते. तो गेलेला असतो. आठवीपर्यंत नापास करायचे नाही हा नियम बरीच वर्षे होता, त्यामुळे तो वर्गामागून वर्ग पुढे सरकत राहिला. नववीत पहिल्यांदा खरी परीक्षा समोर आली, तेव्हा गणिताचे उदाहरण सोडा, धडासुद्धा नीट वाचता येत नाही हे उघडे पडले. त्यात बापाचा रोजगार सुटला, कुणी आजारी पडले किंवा बहिणीचे लग्न निघाले. मग एक दिवस आई किंवा मामा त्याला घेऊन गॅरेजवर येतात आणि सांगतात, "उस्ताद, इसको काम सिखाओ." मालक आठवड्याला खर्चीपुरते पैसे देतो. दोन-तीन वर्षांनी मुलगा इंजिन उतरवायला लागतो.

अशा मुलाची जबाबदारी कुणाची, हे देहूरोडमध्ये विचारून पाहावे. तो राहतो कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत, जे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. कामाला जातो पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मराठवाड्यातल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या एखाद्या शाळेत पडलेला असतो. कामगार खाते राज्याचे. प्रत्येक कार्यालयाकडे 'हे आमच्याकडे येत नाही' असे म्हणण्याची सोय आहे आणि कागदावर पाहिले तर कुणीच खोटे बोलत नाही.

उस्तादाची शाळा

बालमजुरीविरुद्ध बोलणारे बहुतेक लोक गॅरेजवाल्याला खलनायक ठरवून मोकळे होतात. उस्ताद आणि शागीर्द हे नाते त्यांना माहीत नसते. लोहार, सुतार, विणकर, रंगारी, गवंडी यांची विद्या शेकडो वर्षे याच वाटेने एका पिढीकडून दुसरीकडे आली. बारा बलुतेदार असोत की मोमीन, अत्तार, शिकलगार असोत, कुणाच्याच घरात ही विद्या पुस्तकातून आली नाही. आजही अनेक उस्ताद मुलाला पोटच्या पोरासारखे जेवू घालतात, ईदला कपडे करतात, त्याचे स्वतःचे दुकान थाटायला मदत करतात. ज्या पोराला सरकारने आणि शाळेने सोडून दिले, त्याच्या हातात निदान एक हुन्नर कुणी दिला असेल तर तो या माणसाने.

पण या शाळेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. इथे सुट्टी नाही, तास ठरलेले नाहीत, डोळ्यावर चष्मा न लावता वेल्डिंग शिकवले जाते, तोंडाला फडके न बांधता स्प्रे पेंटिंग. १९८६ च्या बालमजुरी कायद्याच्या जुन्या यादीत गाडीदुरुस्तीतले वेल्डिंग, लेथ, पत्रा ठोकणे आणि रंगकाम यांचा स्वतंत्र उल्लेख होता, तो उगाच नव्हता. शिवाय जवळजवळ प्रत्येक उस्ताद मारतो, आणि ते शिकवण्याचाच भाग समजले जाते.

दुसरी मर्यादा नवी आहे आणि ती जास्त भीतिदायक आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. दुचाकीतला कार्ब्युरेटर गेला, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले. बिघाड शोधायला आता कान पुरत नाही, स्कॅनर लावावा लागतो आणि त्यावर आलेला कोड वाचून त्याचा अर्थ लावावा लागतो. त्यामागोमाग इलेक्ट्रिक गाड्या आल्या. तिथे व्होल्टेज न समजता हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्या उस्तादाने आवाजावरून टायमिंग ओळखायला शिकवले, त्याची स्वतःचीच विद्या डोळ्यांदेखत जुनी होत चालली आहे. अशा वेळी 'हात चालला की झाले, पुस्तक काय करायचे' हे वाक्य मुलाला दिलेला दगा ठरते. पुढच्या मेकॅनिकला वाचता आले पाहिजे आणि हिशेब कळला पाहिजे. कुठल्या भाषेत, असा वाद घालणाऱ्यांना एवढेच सांगेन की घरात दखनी किंवा हिंदी बोला, मुलाला उर्दूही शिकवा, पण या पट्ट्यात मराठी वाचता-लिहिता येणे ही पोटाची गरज आहे. बँकेचा अर्ज, आयटीआयचा अर्ज, महापालिकेची नोटीस, सगळे मराठीत येते.

तिसरी मर्यादा कागदाची. दहा वर्षे इंजिन उघडणाऱ्या पोराला कंपनीच्या गेटवर विचारतात, "आयटीआय केला का?" त्याचे उत्तर नाही. तो ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागतो. त्याच्यापेक्षा कमी येणारा, पण सर्टिफिकेट असलेला मुलगा त्याच्यावर ऑपरेटर म्हणून येतो. हुन्नर याच्या हातात, पगार त्याच्या खिशात.

तुटलेल्या पायऱ्या

आता सरकारने या मुलासाठी काय काय ठेवले आहे ते पाहू. बरेच ठेवले आहे, हे आधी कबूल केले पाहिजे.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणे गुन्हा आहे. अपवाद फक्त शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याचा आणि बालकलाकारांचा. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे चौदा पूर्ण झालेल्या मुलाने धोका नसलेले काम शिकणे कायद्याला मान्य आहे.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, ज्याला आपण अप्रेंटिस कायदा म्हणतो, तोही धोका नसलेल्या कामांसाठी चौदा वर्षांची अट ठेवतो. २०१९ च्या नियमांनी तर पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवाराला दरमहा किमान ५,००० रुपये विद्यावेतन ठरवले. वाचून आश्चर्य वाटेल, पण आठवी झालेला छोटू कायद्याने अप्रेंटिस होऊ शकतो. अडचण अशी की ही योजना नोंदलेल्या, पुरेशा मनुष्यबळाच्या आस्थापनांसाठी आखलेली आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असतील तिथे अप्रेंटिस घेणे सक्तीचे, चार ते एकोणतीस असतील तिथे ऐच्छिक. महामार्गावरच्या गॅरेजमध्ये मालक धरून तिघे. ते या हिशेबाच्या बाहेर पडते. आणि ज्या कंपनीत शेकडो माणसे आहेत, ती दहावी-बारावी आणि आयटीआयवाले मिळत असताना आठवीवाल्याला कशाला घेईल?

आयटीआयमध्ये वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीत आहे, मुलींसाठी कासारवाडीत आहे. पण आयटीआय दिवसाची असते. घरी आठवड्याला चार पैसे देणाऱ्या मुलाने वर्षभर दिवसा वर्गात बसायचे, तर ते पैसे कोण भरून देणार? देहूरोडच्या आयुध निर्माणीच्या भिंतीला लागून वस्त्या आहेत. आयुध निर्माण्यांच्या ट्रेड अप्रेंटिसच्या जाहिरातीत आयटीआय न केलेल्यांनाही जागा असतात, पण अट असते दहावीला ५० टक्के आणि गणित-विज्ञानात प्रत्येकी ४० टक्के. भिंतीपलीकडची नोकरी एवढ्या एका अटीने शंभर कोस दूर जाते.

दहावी करायची तर सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. पुण्यात रात्रशाळेची जुनी परंपरा आहे, पण गॅरेज रात्री आठला बंद झाल्यावर देहूरोडहून पुण्यात शिकायला जाणे आणि परत येणे रोज कुणाला जमेल? कामातून शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य विकास योजनेत आहे, पण तो दरवाजा व्यवहारात अठरानंतरच उघडतो.

एकूण काय, शिडी आहे, तिच्या वरच्या पायऱ्या आहेत, खालच्याही आहेत. चौदा ते अठराच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि त्या तुटल्या आहेत हे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

आधी घरची चूल

या बाबतीत महाराष्ट्राने काहीच शिकले नाही असे नाही. सर्वांत मोलाचा धडा आपल्याच पुणे-पिंपरी-चिंचवडमधला आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शिकवण्याचे काम सुरू केले. शिकवायला गेलेल्यांच्या लवकरच लक्षात आले की मुली आयांबरोबर सकाळी कचराकुंड्यांवर जातात, त्यांच्या हातच्या दोन किलो कागदाशिवाय घरचा हिशेब जुळत नाही. नुसती अक्षरे शिकवून ही गाठ सुटणार नव्हती. मग काम आयांच्या बाजूने सुरू झाले. वेगळा केलेला सुका कचरा थेट घरांतून मिळाला तर कमाई वाढते आणि कुंडीत उतरावे लागत नाही. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचकांना ओळखपत्रे मिळाली, अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी असलेली शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांना मिळावी यासाठी संघटना लढली. त्या घरांतल्या पुढच्या पिढीतली कितीतरी मुले शाळेत गेली, ती आईची कमाई आणि आईची इज्जत वाढल्यामुळे.

सर्वोच्च न्यायालयालाही हे कळले होते. १० डिसेंबर १९९६ च्या एम. सी. मेहता खटल्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले की धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे २०,००० रुपये भरावेत, आणि मुलाच्या जागी घरातल्या एका मोठ्या माणसाला काम मिळेल असे पाहावे. ते जमत नसेल तर सरकारने आपले ५,००० रुपये त्या निधीत घालावेत आणि व्याजातून घराला मदत करावी. रक्कम बाजूला ठेवा, तत्त्व पाहा. मुलाला उचलून नेण्याआधी त्याच्या घरात काय शिजणार याचा विचार करा.

याउलट छापे कसे पडतात ते आपण पाहतो. गाडी येते, मुले नेली जातात, फोटो निघतो, मालकावर गुन्हा दाखल होतो. महिन्याभराने तोच मुलगा दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या दुकानात, आता आतल्या खोलीत, शटर अर्धे ओढून. १९८८ पासून चाललेल्या राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाचे विशेष वर्ग २०२१ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाले, तेव्हा कामावरून सुटलेल्या मुलासाठी वेगळी म्हणावी अशी जी एक जागा होती, तीही पुसट झाली.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी गरीब शेतकऱ्याची मुले घरच्या कामासाठी लागतात हे वास्तव मांडले आणि शाळेत शेतीचे धडे, लहानशी नमुन्याची शेती असावी असेही सुचवले. शिक्षण पोटाशी जोडलेले असावे ही मागणी इथल्या बहुजन विचाराचीच आहे. देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दर वर्षी त्या दिवशी तिथे मोठी गर्दी होते. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते आणि कारागीर घडवणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. त्या गावात आज दलित, मुसलमान, भटक्या जमातींतली मुले एकाच गॅरेजमध्ये एकाच गाडीखाली झोपून काम शिकतात. त्यांचा प्रश्न एक आहे. आपण तो धर्मानुसार आणि जातीनुसार वाटून घेतो, म्हणून तो कुणालाच झेपत नाही.

आपल्या वाट्याचे काम

तरीही मुस्लिम समाजाने स्वतःकडे वेगळे पाहायला हवे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा गळाली होती. त्याच अहवालाने हेही सांगितले की मदरशात शिकणाऱ्या मुस्लिम मुलांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या पुढे नाही. म्हणजे ज्या मदरशावर देशभर चर्चा झडतात तिथे थोडी मुले आहेत, आणि ज्या गॅरेज-कारखान्यांत गळालेली मुले आहेत त्यांबद्दल ना टीव्हीवाले बोलतात, ना आपले वक्ते. आपल्या जलशांत 'इकरा' या शब्दावर तासभर तकरीर होते. तकरीर ऐकणाऱ्या शेठच्या वर्कशॉपमध्ये तीन छोटू असतात. ही विसंगती दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी आपणच दाखवलेली बरी.

राज्य सरकारने नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण चालू ठेवायला अंतरिम मुभा दिली, तरी पुढच्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही. ती मागणी योग्य आहे आणि करत राहिली पाहिजे. पण देहूरोडच्या छोटूला त्या आरक्षणाचा लाभ घ्यायला आधी दहावी व्हावे लागेल. तिथपर्यंत त्याला पोचवणे निकालाची वाट न पाहता करता येते.

पैसा? कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत पहिले फकीर आणि मिस्कीन. चौदा वर्षांच्या ज्या मुलाच्या कमाईवर घर चालते, ते घर या व्याख्येत बसत नसेल तर कोणते बसेल? रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, ईदपर्यंत ते संपते. हिशेब करू. एका घराला दरमहा ५,००० रुपये दिले, या अटीवर की मुलगा अर्धाच दिवस कामावर जाईल आणि उरलेला वेळ शिकेल, तर दहा मुलांचे वर्षाचे ६ लाख रुपये होतात. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एखाद्या खात्यापित्या जमातीला ही रक्कम जड नाही. मुंबईत मोहम्मद हाजी साबू सिद्दिक यांच्या देणगीतून १९३६ मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि अंजुमन-ए-इस्लामने ती वाढवली. तेव्हाच्या व्यापाऱ्यांना जे सुचले, ते आजच्या स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्याला का सुचू नये?

जागा? मशिदीच्या मदरशाचा हॉल सकाळ-संध्याकाळ नाझरा संपल्यावर रिकामा असतो. बुद्धविहाराला, समाजमंदिराला जोडून खोल्या असतात. रात्री साडेआठ ते दहा, आठवड्यातून पाच दिवस, मराठी, गणित आणि थोडी वीजविद्या. शिकवायला कंपनीतून निवृत्त झालेले फोरमन आहेत, डिप्लोमाची पोरे आहेत. उद्देश एकच, दोन वर्षांत मुक्त विद्यालयाची किंवा सतरा नंबरची दहावी.

मालकांसाठी काय? अप्रेंटिस कायद्यातच एक तरतूद आहे की दोन किंवा अधिक मालक एकत्र येऊन उमेदवारांना एकमेकांच्या आस्थापनांत फिरवून प्रात्यक्षिक शिक्षण देऊ शकतात. ट्रान्सपोर्टनगरीतल्या दहा-बारा गॅरेजांची एक संघटना करा. एकाकडे इंजिन, दुसऱ्याकडे वायरिंग, तिसऱ्याकडे चेसिस. संघटनेच्या नावाने नोंदणी मागा, आठवड्यातले दोन दिवस मोरवाडीच्या आयटीआयमध्ये वर्ग मागा. हे स्वप्नरंजन वाटत असेल तर चाकणमधल्या जर्मन कंपन्यांच्या देशात पाहा. तिथे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस वर्कशॉपमध्ये आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो. त्याला विद्यावेतन मिळते, शेवटी परीक्षा होते आणि मिळालेल्या प्रमाणपत्राला देशभर मान असतो. उस्ताद-शागीर्द नातेच ते, फक्त त्यावर सरकारचा आणि उद्योगाचा शिक्का आहे. त्या कंपन्यांनी हा शिक्का इथल्या गॅरेजवाल्या पोरांपर्यंत आणायला हरकत काय?

इथे एक धोका आहे आणि तो झाकून चालणार नाही. 'मुलांना काम करू द्या, सोबत शिकवू' असे म्हटले की मालक पहिला अर्धा भाग ऐकतो आणि दुसरा विसरतो. बोलिव्हियाने २०१४ मध्ये दहा वर्षांच्या मुलांनाही काही अटींवर काम करण्याची मुभा देणारा कायदा केला होता. हेतू मुलांना संरक्षण देण्याचाच होता. २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. म्हणून रेषा पक्की हवी. चौदाच्या आत काम नाही, घरचा धंदा असला तरी नाही, कारण 'घरचा धंदा' या सवलतीच्या आड कुणाचाही पुतण्या कुणाचाही भाचा होतो. चौदा ते अठरा या वयात गॅस कटिंग नाही, स्प्रे पेंटिंग नाही, रात्रपाळी नाही, मार नाही. अर्धा दिवस काम, त्याचा लेखी हिशेब, उरलेला वेळ शिक्षण. ज्या मालकाला हे मान्य नाही त्याच्यावर खुशाल गुन्हा दाखल व्हावा, तो आपल्या जमातीचा असला तरी.

मुली आणि उठवलेल्या वस्त्या

आतापर्यंत मुलांचेच बोललो, कारण मुली रस्त्यावर दिसत नाहीत. त्या घरात दिसतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, किंवा नगावर पैसे मिळणारे पॅकिंगचे काम करताना. मोठ्या झाल्या की छोट्या शेडमध्ये कामाला जातात. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली आणि त्यात बळी गेल्या त्या बहुतेक बायका होत्या. प्रशिक्षणाचा विषय निघाला की मुलींसाठी शिवण आणि मेहंदी ठरलेली. या पट्ट्यात गाड्या जुळवणाऱ्या लाइनवर मुली उभ्या आहेत, सीएनसी मशीन चालवत आहेत. मग वस्तीतल्या मुलीला वायरिंग आणि मापनाची साधने का शिकवू नयेत? कासारवाडीची आयटीआय मुलींसाठीच आहे. तिथपर्यंतच्या बसभाड्याची आणि घरच्यांच्या परवानगीची सोय मोहल्ल्याने करायची आहे.

आणि सरकारला एक सांगायचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे, पत्राशेड आणि छोटी वर्कशॉप मिळून हजारो बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. त्या महिन्याच्या ८ तारखेला कारवाई सुरू झाली आणि २१ तारखेला दहावीची परीक्षा. बांधकामे कायदेशीर होती की नाही हा वाद न्यायालयात घालावा. पण हजारो शेड पाडण्याचा बंदोबस्त ज्या यंत्रणेला आखता येतो, तिला त्या शेडमध्ये आणि आसपास राहणाऱ्या शाळकरी मुलांची यादी करता येत नाही, हे पटत नाही. बापाचे दुकान गेले की घर हलते, घर हलले की शाळा सुटते, शाळा सुटली की छोटू तयार होतो. यापुढे कुठलीही वस्ती किंवा बाजार उठवण्याआधी तिथल्या प्रत्येक मुलाची पुढची शाळा लेखी ठरलेली असावी, एवढी अट महापालिकेने स्वतःवर घालून घ्यावी.

राज्याच्या २०२२ च्या 'मिशन झिरो ड्रॉपआऊट'मध्ये वयाची मर्यादा अठरापर्यंत नेली होती. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा निदान कागदावर पुन्हा मूल झाला. आता कॅन्टोन्मेंट बोर्ड, महापालिका आणि कामगार खाते यांनी देहूरोडसाठी एक संयुक्त यादी करावी. चौदा ते अठराची सगळी कामकरी मुले, नाव, शेवटची शाळा, सध्याचे काम, काय शिकायचे आहे. ते करतील तेव्हा करतील. दरम्यान प्रत्येक मशिदीच्या कमिटीला आपल्या मोहल्ल्यातली अशी यादी एका जुम्याला करता येते. मुलांची नावे सगळ्यांना माहीत असतात. कमिटीत बसलेल्यांपैकी एक-दोघे तर त्यांचे मालकच असतात. येत्या रमजानच्या जकातीचा हिशेब मांडताना ती यादी समोर ठेवावी, आणि पहिले नाव वाचताना 'छोटू' न म्हणता त्याचे खरे नाव वाचावे.